आजीचे कपाट

परवा पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, दिवाळीपूर्वी घराला रंग देतोयस ना? मग आजीचे ते कपाट एकदाचे विकून टाक. मी माणूस पाठवतो." सौ.नेही मान डोलावली. कपाटाखालचा केर काढून तिची कंबर गेली आहे. मी एकटा पडलो.

माणूस माधवनगरला आला. त्याने कपाटावर टिचकी मारली, दार उघडून वास घेतला आणि म्हणाला, "अस्सल साग, सर. मुंबईत याला गिऱ्हाईक आहे." आपल्या अडगळीला परक्याने 'अँटिक' म्हटले की आपली छाती उगाच फुगते!

आपले जुने सुतार झाडाचा स्वभाव ओळखून त्याला काम नेमून देत. गाडीची चाके चिवट बाभळीची, पाट फणसाचे, झोपाळा काळ्याभोर शिसवीचा आणि नातवंडांना पुरायचे ते सागाचे. तिकडे दक्षिण आफ्रिकेत केपच्या डच शेतकऱ्यांनीही हेच केले. पिवळसर 'यलोवुड' आणि गडद 'स्टिंकवुड' या रानातल्याच झाडांची त्यांनी कपाटे-बाके केली. आपण बाज सुंभाने विणतो, त्यांनी खुर्च्या चामड्याच्या वादीने विणल्या. आज तिथे ते जुने सामान हौसेने जपतात. आपली शिसवही आता इतकी मोलाची झाली आहे, की 2017 पासून तिच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

पण माझे मन अडले होते ते दुसऱ्याच आठवणीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरले, तेव्हा मावशीचे घरही बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. भुशाच्या फळ्यांचे नवे कपाट पाव दुधात भिजावा तसे फुगले होते. हात लावताच त्याचा लगदा झाला. शेजारी आजोबांच्या वेळची सागवानी मांडणी चिखलाने माखून उभी होती. सागाच्या अंगातच तेल असते आणि तिच्या सांध्यांत खिळा नव्हता, लाकडाच्या खुंट्या होत्या. धुऊन सावलीत वाळवली, तेलाचा बोळा फिरवला. आज मावशीचे डबे पुन्हा तिच्यावरच आहेत.

मी हे त्या माणसाला सांगणार, तोच सौ. चहा घेऊन आली. त्या मांडणीचा चिखल दोन दिवस तिनेच पुसला होता, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

"चहा घ्या," ती त्याला म्हणाली, "कपाट मात्र द्यायचे नाही."

केर आता मी काढतो.