नाणे तुमचे, पण त्याचा पत्ता कुठे गेला?

१/ न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावरून घारापुरीचे बेट दिसते. तिथली लेणी कोणत्या राजवटीत कोरली गेली, हे सांगणारा शिलालेख आज तिथे नाही. दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार एक कोरीव शिळा होती. ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे धाडली गेली. तिथे ती कुणालाच वाचता आली नाही आणि पुढे हरवली.

२/ मग सहावे शतक आणि कलचुरी राजवट हे अनुमान कशावरून? शिल्पशैलीवरून, आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी कृष्णराजाच्या तांब्याच्या नाण्यांवरून. ‘बेटावर सापडलेल्या’ हे दोन शब्द वगळा, पुरावा संपला.

३/ याच कृष्णराजाचा चांदीचा रूपक पाहा. हातोड्याने ठोकून पाडलेले, सुमारे दोन ग्रॅमचे नाणे. एका बाजूस राजमुख, दुसऱ्या बाजूस नंदी आणि राजाला परममाहेश्वर म्हणणारा लेख.

४/ नाशिकजवळच्या आंजनेरीचा ताम्रपट आठव्या शतकाच्या आरंभीचा. त्यातही ‘कृष्णराजरूपक’ येतात. राजा जाऊन शतक उलटले, तरी त्याच्या नावाचे चलन व्यवहारात होते. ते कुठवर पोहोचले आणि कोणत्या नाण्यांसोबत फिरले, हे मात्र जमिनीतून निघालेले साठेच सांगू शकतात.

५/ आणि आपण त्या साठ्यांचे काय करतो? एका प्रदर्शनात मी विक्रेत्याला असाच एक रूपक कुठे सापडला, असे विचारले. उत्तर आले : “कुठलाही असो, अस्सल आहे ना?” संग्राहकांच्या बहुतेक चर्चांचे सार या एका वाक्यात आहे.

६/ याउलट १९०६ साली जोगळटेंभीला निघालेला साठा आठवा. काळ जुना, पण धडा तोच. १३,२५० हून अधिक नाणी एकत्र तपासली गेली. नहपानाच्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवल्याचे दिसले. तोच साठा सुटासुटा विकला गेला असता, तर एका सत्तांतराचा पुरावा शेकडो अल्बमांत विरून गेला असता.

७/ “आम्ही घेतली नसती, तर सोनाराने वितळवली असती.” हा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही, अनेक नाणी संग्राहकांमुळेच वाचली. पण नाणे वाचवून त्याचा पत्ता पुसणे हे अर्धेच रक्षण आहे. शिवाय मागणी आहे म्हणूनच साठे गुपचूप फोडले जातात.

८/ १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. नाणे घेताना सापडल्याचे ठिकाण आणि सोबतचे साठ्याचे तपशील मागा. उत्तर नसेल तर घेऊ नका. जवळ असलेल्या नाण्यांचे वजन, छायाचित्र आणि ठाऊक तेवढा पूर्वेतिहास लिहून ठेवा.

९/ घारापुरीची शिळा हरवली म्हणून आपण पोर्तुगिजांना बोल लावतो. त्यांना निदान ती वाचता येत नव्हती. आपल्याला वाचता येते, तरीही आपण पत्ता फाडून टाकतो.