पहिली चाल चुकली म्हणून अख्खा धंदा हरायचा का?



‘कधीच हार मानू नका’ हा सल्ला तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. मला तो अर्धवट वाटतो. सुरुवात चुकली तर कुठे हार मानायची आणि कुठे नाही, हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी बुद्धिबळातले दोन डाव बघू. दोन्ही विश्वनाथन आनंदचे, दोन्ही हरलेले.

पहिला १९८८ चा, स्वित्झर्लंडमधल्या बीलचा. समोर कोलंबियाचा झापाटा. आनंदने पाचव्या चालीला उंट बाहेर काढला. आदल्या वर्षी माइल्स आणि ख्रिश्चनसन या ग्रँडमास्टरांच्या डावात हीच चाल आली होती, डाव बरोबरीत सुटला होता. म्हणजे चाल चांगलीच असणार! झापाटाने वजीर राजासमोर आणला. आनंदचा घोडा अडकला, वाचेना. सहाव्या चालीला डाव सोडावा लागला.

आपल्या घोडबंदर रोडवर हेच चालतं ना? मानपाड्याला मोमोच्या गाडीवर रांग दिसली की कासारवडवलीत तसाच गाळा भाड्याने घ्यायचा. ती रांग क्लासच्या मुलांची की ऑफिसवाल्यांची, त्याचं भाडं किती, पार्किंग कुठे, कोण विचारतो? दुसऱ्याची चाल दिसते, त्याचा हिशेब दिसत नाही.

आता दुसरा डाव. २०१०, सोफिया, टोपालोव्हविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत. पहिल्याच डावात ग्रुनफेल्ड बचावात आनंदच्या तयारीची गल्लत झाली आणि ३० चालींत तो हरला. पण लढत १२ डावांची होती! दुसऱ्या दिवशी तो जिंकला. पुढे काळी मोहरी आल्यावर ग्रुनफेल्ड बाजूला ठेवून स्लाव्ह बचाव खेळला. दहाव्या डावात ग्रुनफेल्ड परत काढला, बरोबरी साधली. शेवटी ६.५-५.५ ने जगज्जेतेपद राखलं.

माझ्या मते सावरणं म्हणजे हे. एक डाव सोडायचा, लढत सोडायची नाही.

तुमची सुरुवात चुकली असेल तर तीन गोष्टी करा.

१. नुकसान वेगळं लिहा. इंटिरियरवर गेलेला पैसा गेला. तो ‘वसूल’ करायला सोनं गहाण ठेवू नका. समजा तुम्हाला महिना ४० हजार भाडं आहे आणि माल विकून खर्च वजा जाता २५ उरतात, तर दर महिन्याला १५ हजारांचा खड्डा. तो किती महिने भरू शकता?

२. काय चुकलं ते ओळखा. माल चुकला असेल तर जागा तीच ठेवून माल बदला. जागाच चुकली असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार काढा, लॉक-इन कधी संपतो बघा, मालकाशी आत्ताच बोला. डिपॉझिट भाड्यात संपेपर्यंत थांबू नका.

३. चुकलेली वस्तू कायमची टाकू नका. बाजूला ठेवा, गिऱ्हाईकाला विचारा, थोड्या मालावर पुन्हा करून बघा.

लोक काय म्हणतील? म्हणू देत. भाडं ते भरणार नाहीत, तुम्ही भरणार आहात. आज रात्री शटर ओढल्यावर वही काढा आणि पहिला मुद्दा लिहूनच घरी जा.