सवय होते म्हणे!

यंदाच्या दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर कुणाकडे माशांची काचेची पेटीही भेट म्हणून जाणार असेल, तर त्या गृहस्थाने हा मजकूर आधी वाचावा आणि मग माझ्यावर खुशाल चिडावे. सणासुदीला भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. पण हे भांडण मी उकरलेले नाही. मुंबईतल्या एका दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी ते प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून, वर रबर गुंडाळून माझ्या हाती दिले.

पिशवीत करंगळीच्या पेराएवढा मासा होता. पिवळसर हिरवी पाठ, तीवर काळे ठिपके, पांढरेशुभ्र पोट, आणि डोळे असे की एक तुमच्यावर रोखलेला आणि दुसरा दुकानदारावर! नातीने घरी पोचण्यापूर्वीच त्याचे 'ढेरपोट्या' असे बारसे केले. पाण्याचे काय, म्हणून मी विचारले. "नळाचे चालेल साहेब, सवय झालीय त्याला," असे उत्तर मिळाले.

आमच्या सौभाग्यवतीचे माहेर खाडीकाठचे. तिने पेटीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, "अहो, हा तर केंडाच्या जातीचा. खाडीतला दिसतोय. गोड्या पाण्यात कसा टिकायचा?" मी हसलो. ज्याने पैसे मोजलेले असतात तो नेहमीच हसतो. सात महिन्यांनी ढेरपोट्याचे पोट करडे पडले, त्याने खाणे टाकले, कल्ल्यांची उघडझाप धाप लागल्यासारखी होऊ लागली. एके सकाळी नात शाळेत गेल्यावर मी त्याला तुळशीशेजारच्या कुंडीत पुरले. तिला काय सांगितले ते विचारू नका.

तेव्हापासून 'सवय होते' हे दोन शब्द ऐकले की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

खाडीच्या पाण्याला आपल्या भाषेत फार नेमका शब्द आहे : मचूळ. धड गोडे नाही, धड खारे नाही. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात; खाडीत त्याहून कमी, आणि किती कमी ते भरतीवर, ओहोटीवर आणि महिन्यावर अवलंबून. आषाढात खाडी जवळजवळ गोडी होते, वैशाखात समुद्राच्या बरोबरीला येते. असल्या चंचल पाण्यात जो मासा संसार थाटतो त्याच्या अंगी मोठी कला असावी लागते. गोड्या पाण्यात माशाच्या शरीरात बाहेरचे पाणी अखंड शिरत असते, आणि मूत्रपिंडे ते उपसत बसतात. समुद्रात नेमके उलटे : अंगातले पाणी बाहेर झिरपते, म्हणून मासा समुद्र पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे काम करणाऱ्या पेशी ईल माशाच्या कल्ल्यांत कीज आणि विल्मर या दोघा शास्त्रज्ञांनी 1932 साली दाखवून दिल्या. खाडीतला मासा ही दोन्ही यंत्रे बाळगतो आणि पाणी पालटेल तशी कळ फिरवतो.

"मग झाले तर! दोन्हीकडे जगतो ना?" इथेच प्रतिपक्ष टाळी वाजवतो. अहो, नवरात्राचे नऊ दिवस उपास करणारी माणसे आपण पाहतो. म्हणून कुणी पाहुण्याला वर्षभर उपाशी ठेवून 'सवय होते' असे म्हणतो काय? बाजारात येतात ती बहुधा या माशांची पिल्ले. स्कॅट आणि मोनो ही देखणी, ताटलीसारखी चपटी जनावरे लहानपणी नदीच्या मुखाशी गोड्या-मचूळ पाण्यात फिरतात आणि वाढत्या वयाबरोबर खाऱ्याकडे सरकतात. दुकानदार त्यांचे बालपण विकतो. पुढचे आयुष्य कुठे काढायचे हे तो सांगत नाही, कारण तोवर गिऱ्हाईक नवा मासा घ्यायला परत आलेले असते.

आणि ढेरपोट्याची गंमत ऐका. ही जात काही अनोळखी नव्हे. हिची संपूर्ण आनुवंशिक लिपी शास्त्रज्ञांनी 2004 साली वाचून प्रसिद्ध केली. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकी आटोपशीर लिपी तोवर ठाऊक नव्हती. ज्याची अक्षरन् अक्षर पोथी माणसाने लावली, त्याच्या पाण्यात मीठ हवे एवढी एक ओळ दुकानाच्या काचेवर चिकटवता येऊ नये?

'मिनी शार्क'ची कथा आणखी लाजिरवाणी. तो शार्क नव्हेच. अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा, आपल्या शिंगाळ्याच्याच कुळातला तो मासा. या कुळातला बाप अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळतो, आणि त्या काळात अन्नाला शिवत नाही. असल्या पितृभक्तीयोग्य प्राण्याला आम्ही दिवाणखान्यातल्या दोन फुटी पेटीत, नळाच्या पाण्यात ठेवतो. तो हातभर वाढतो तेव्हा घरच्या मंडळींना प्रथमच पेटीची लांबी आठवते.

सुवर्णमध्य काढणाऱ्यांची मला विशेष भीती वाटते. ते स्वयंपाकघरातले मूठभर मीठ टाकतात. त्याने गोड्या पाण्यातल्या शेजाऱ्यांचे हाल होतात आणि खाडीवाल्याचे भागत नाही. जेवणातले मीठ म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम असते, कॅल्शियम असते, पाणी जड आणि अल्कधर्मी राखणारे क्षार असतात. तसले मीठ बाजारात मिळते. लिटरमागे दहा ग्रॅमपर्यंत, तेही एका दिवसात नव्हे तर काही आठवड्यांत चढवत न्यायचे, म्हणजे पेटीतली घाण पचवणारे जिवाणूही तगतात. घनता मोजायला हायड्रोमीटर लागतो. तो पेटीवरच्या प्लास्टिकच्या किल्ल्यापेक्षा महाग नसतो. आणि मुख्य म्हणजे खाडीवाल्यांची पेटी वेगळी. गप्पी नको, टेट्रा नको, सोनेरी मासा तर नकोच नको.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मचूळ पाण्यातले सगळेच मासे सारखे हट्टी नसतात. गोव्याचा कालुंद्र, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तो तळ्यातल्या गोड्या पाण्यातही वर्षानुवर्षे मजेत राहतो. पण एका गुणी पोराकडे बोट दाखवून साऱ्या वर्गाला त्याच मापाने मोजणारा मास्तर आपण लहानपणी पाहिला आहे, आणि तो आपल्याला कधीच आवडला नव्हता.

आता आमच्या घरी एक पेटी आहे. मीठ मोजण्याचे काम नातीकडे. ती वहीत आकडा लिहिते, आजीला दाखवते, आणि आजी बोट बुडवून चव घेते. दोघींचे सहसा जमते.

परवा त्या दुकानावरून जात होतो. काचेवर नवी पाटी होती : 'मिनी शार्क, जोडीने घ्या.' आत शिरलो. पोरगा नवा होता, नम्र होता. विचारले, "पाणी कसले घातले आहेस रे यांना?"

"नळाचे, काका. एकदम शुद्ध!"