वाचकमंडळासाठी एकोणिसावे शतक
एकोणिसाव्या शतकातील अभिजात, म्हणजे काळाच्या ओघात टिकलेला, ग्रंथ निवडताना मुंबईच्या आरे कॉलनीतील एखादे वाचकमंडळ साहजिकच कादंबरीकडे वळेल, आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857) किंवा हरि नारायण आपट्यांची ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः, म्हणजे हप्त्याहप्त्याने, प्रसिद्ध झालेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ यांची नावे पुढे येतील; दोहोंचा विषय विधवांची दुःस्थिती हाच असला तरी पहिलीत धर्मोपदेश कथेवर कुरघोडी करतो, तर दुसरीत नायिका यमू स्वतःच बोलते आणि म्हणून ती आजही वाचकाला धरून ठेवते (तिच्या आकाराला महिनाभराची मुदत मात्र अपुरी पडेल). तरीही या परिसराला अधिक शोभेल ते गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ (1863), कारण नगरवर्णनाचा, म्हणजे शहराची वस्ती, व्यवहार व इमारती टिपणाऱ्या लेखनाचा, हा आद्य मराठी ग्रंथ आरेशेजारच्या विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी निघाला. त्या काळी आरे हे मुंबईबाहेरचे, साष्टी बेटावरील रान होते आणि तेथील दूधवसाहतीला अद्याप शतकाच्या आसपास अवकाश होता.