अरबी वाचतो, मग बोलत का नाही?

आपल्यापैकी बहुतेकांनी अलिफ-बे आणि अ-आ-इ एकाच वयात गिरवले. सकाळी मकतबात नाजरा, दुपारी शाळेत बालभारतीचे पुस्तक. आज मराठीत आपण अर्ज लिहितो, वाद घालतो, थट्टामस्करी करतो. अरबीत मात्र इतकी वर्षे वाचन करूनही 'मला पाणी हवे आहे' एवढे साधे वाक्य तोंडातून निघत नाही. कारण सरळ आहे: ती भाषा आपण कधी कोणाशी बोललोच नाही.

बोलायला माणूस हवा, तर तो याच शहरात आहे. येमेन, इराक, सुदान अशा देशांतले विद्यार्थी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अनेक वर्षांपासून शिकायला येतात. भाड्याच्या खोल्यांत राहतात, आपल्याच मशिदीत, आपल्याच सफमध्ये उभे राहतात. नमाजनंतर आपण सलाम करतो, मुसाफा करतो आणि संभाषण तिथेच संपते. 1610 मध्ये ज्याने हे शहर खडकी म्हणून वसवले, तो मलिक अंबर हबशी होता. येमेनचे मोखा आणि बगदाद पाहून तो दख्खनला पोहोचला होता. त्याच्या शहरात येमेनी आणि बगदादी मुलांशी बोलायला आपल्याला शब्द सापडू नयेत?

मुकुंदवाडीत आमचे काही तरुण रविवारी संध्याकाळी अशा अरब विद्यार्थ्यांसोबत तासभर बसतात. मीही बसतो. नियम एकच: अर्धा तास अरबी, अर्धा तास मराठी. 'मा इस्मुक?', 'मिन ऐना अंता?', 'अना मिनल हिंद' इथून सुरुवात होते. मग बाजार. 'बिकम अल-कीलू?' असे ते शिकवतात आणि आपण त्यांना 'कांदे कसे दिले?' शिकवतो. 'कसे' म्हणजे भाव, हे समजावताना आपलीच भाषा आपल्याला नव्याने दिसते.

सुरुवात वाटते तितकी कोरी नसते. दुकान, साबण, हिशोब, सवाल हे शब्द आपण रोज वापरतो आणि अरब विद्यार्थी ते ऐकताच ओळखतात. 'एकवीस' म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो; अरबीतही 'वाहिद व इश्रून'. 'माझा'मधला झ येणाऱ्याला 'ज़'ची अडचण नाही. अडचण येते ती 'ऐन'ची आणि 'काफ'ची. 'कल्ब' म्हणजे हृदय, पण त्यातला क घशातून आला नाही तर त्याचा कुत्रा होतो! तिकडे अरबीत ड नाही, म्हणून पाहुण्यांच्या तोंडी 'मुकुंदवादी' येते. दोन्ही बाजू हसतात आणि पुन्हा म्हणतात. या पुन्हा म्हणण्यालाच अरबीत 'तक्रार' म्हणतात. ही तक्रार जितकी जास्त, तितके चांगले.

खरा अडथळा भीतीचा आहे. अरबी म्हणजे कुरआनची भाषा, तिच्यात चूक झाली तर बेअदबी होईल, या धास्तीने अनेक जण गप्प राहतात. तिलावतीत ही काळजी हवीच. पण कांदे विकत घेणे म्हणजे तिलावत नव्हे. अरबीत लोक भाव करतात, बसची वाट पाहतात, मुलांना रागावतात. अरब ख्रिश्चनांचीही ती मायबोली आहे. तिथे चुकल्यावर समोरचा फक्त दुरुस्त करतो. घरची बोली आणि पुस्तकी अरबी वेगळी, हेही लक्षात ठेवा. पुस्तकातला 'माज़ा' येमेनी बोलीत 'ऐश' होतो, इराकीत 'शिनू'. गोंधळू नका. आधी फुस्हा पक्की करा, कान हळूहळू तयार होतो.

मदरशातल्या मित्रांना मुद्दाम बोलवा. सर्फ-नह्व त्यांना येते, बोलण्याचा सराव नसतो. कॉलेजच्या मुलांचे नेमके उलटे. ती बिनधास्त बोलतात, पण क्रियापद कुठे बदलते ते त्यांना कळत नाही. एरवी हे दोघे एका मोहल्ल्यात राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. इथे त्यांना एकमेकांची गरज पडते. मुलींसाठी वेगळी वेळ ठरवा, पण ठरवाच.

आणि मराठीचा अर्धा तास कापू नका. 'तुझी मराठी छान आहे रे' असे कौतुक आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे आणि त्यातले आश्चर्यही ओळखलेले आहे. या वर्गात एखादा येमेनी विद्यार्थी दवाखान्यात काय बोलायचे, घरमालकाला काय सांगायचे हे विचारतो, तेव्हा मराठी शिकवणारे आपण असतो. ती कोणाची, हा प्रश्न तिथे कोणाच्या मनात येत नाही.

अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. या शहरात असे गरीब कमी नाहीत. व्हिसा, नोकरी, उमरा हे विषय पहिल्या भेटीत काढू नका. पुढच्या जुम्याला सलाम झाल्यावर एक वाक्य जास्त बोला: 'कैफा हालुक?' उत्तर समजले नाही तर 'ला अफ्हम' म्हणा आणि तिथेच उभे राहा. तो पुन्हा सांगेल.