दोष यंत्राचा की तारेचा?

छायाचित्रे, हिशेब व महत्त्वाची कागदपत्रे घरच्याच एका लहान सर्व्हरवर साठविण्याची पद्धत आता अनेक कुटुंबांत दिसते. त्याची जोडणी मंदावली किंवा वारंवार तुटू लागली, की यंत्राला दोष देऊन नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. वास्तविक दोष पुष्कळदा साध्या केबलमध्ये असतो.

नेटवर्क केबलमध्ये ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. सेकंदाला १००० मेगाबिट वेगासाठी नेहमीच्या घरगुती जोडणीत चारही जोड्या लागतात; १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली, तर उपकरणे बरेचदा १०० वर समाधान मानतात. वेग दहापट घटतो. पण काम चालू राहते, म्हणून दोष लपून राहतो.

लिनक्स सर्व्हरवर ‘इथटूल’ ही कमांड चालू वेग दाखविते. तेथे १००० ऐवजी १०० दिसल्यास प्रथम केबल बदलावी, मग राउटरचा पोर्ट, शेवटी नेटवर्क कार्ड व त्याचा ड्रायव्हर तपासावा. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला, हे कळत नाही. जोडणी तुटल्याच्या वेळा लॉगमधून टिपून ठेवाव्यात.

ताळेबंद जुळेना, म्हणून कोणी खातेवही फेकून देत नाही. एकेक नोंद तपासतो. मात्र एक दक्षता अवश्य घ्यावी. तुटक्या जोडणीवर घेतलेली प्रत अपुरी राहू शकते. ती उघडून पडताळल्याशिवाय मोबाइलमधील मूळ छायाचित्रे पुसू नयेत. केबल पुन्हा मिळते. आजी-आजोबांचे छायाचित्र मिळत नाही.