चणे आणि दात

मराठीच्या मास्तराने दंतवैद्याच्या प्रांतात लुडबूड करू नये, हे मला मान्य आहे. पण आमच्या भाषेचा आणि दातांचा घरोबा फार जुना. आपण रागाने दात-ओठ खातो, प्रतिपक्षाचे दात त्याच्याच घशात घालतो आणि मुलांनी अभ्यास करावा म्हणून त्यांच्यापुढे दातांच्या कण्या करतो. शिवाय ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आहेच. तरुणपणी खायची उमेद असते पण खिशात पैसा नसतो, आणि पैसा येतो तोवर चावायची ताकद गेलेली असते, असा तिचा अर्थ मी वर्गात सांगत आलो. हल्ली मात्र या म्हणीचा एक नवाच पाठभेद दिसू लागला आहे. बाविशीतल्या मुलाजवळ दातही आहेत आणि चणेही आहेत. पण त्या चण्यांपायीच दात जाऊ पाहताहेत!

हे चणे अर्थातच चण्यांच्या रूपात येत नाहीत. ते भल्यामोठ्या डब्यातून भुकटीच्या रूपाने येतात. माझ्या पुतण्याच्या खोलीत असे तीन डबे आहेत. एक व्यायामापूर्वीचा, एक व्यायाम चालू असतानाचा आणि एक नंतरचा. इतक्या नेमाने आमच्या घराण्यात कोणी संध्याही केली नसेल. मुलगा गुणी आहे. सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, पहाटे उठतो, दोन वेळा दात घासतो. असे असूनही गेल्या उन्हाळ्यात थंड पाण्याच्या घोटासरशी त्याच्या दातांतून कळ जाऊ लागली. वहिनींनी सारा आळ चॉकलेटवर घातला. दंतवैद्य बाईंनी मात्र तोंड तपासून निराळाच प्रश्न विचारला, “तुझी ती जिममधली बाटली संपायला किती वेळ लागतो?”

“दीड तास,” तो म्हणाला.

पुढच्या दातांच्या कडा झिजून काचेसारख्या दिसू लागल्या होत्या आणि दाढांत दोन खड्डे पडले होते. गुन्हेगार सापडला होता तो बाटलीत. पण त्याहीपेक्षा त्या दीड तासात.

यामागचे शास्त्र घरच्या माणसाला समजेल इतके सोपे आहे. दातावरचे कवच, ज्याला एनॅमल किंवा दंतवल्क म्हणतात, ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. पण आंबटापुढे ते हात टेकते. आम्लता मोजण्याचे माप म्हणजे पीएच. शुद्ध पाण्याचा पीएच ७. आकडा जितका खाली, तितके आम्ल तीव्र. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. खेळाडूंच्या रंगीत पेयांचा पीएच बहुधा ३ ते ४ च्या घरात असतो, कारण चवीसाठी त्यांत सायट्रिक आम्ल असते. म्हणजे डब्यावर ‘साखर नाही’ असे लिहिलेले असले, तरी झीज व्हायची ती होतेच. साखर असली तर संकट दुहेरी. तोंडातले जंतू ती खातात आणि आपले स्वतःचे आम्ल तयार करतात. वजन वाढवण्याच्या भुकट्यांत मॉल्टोडेक्स्ट्रिन नावाचे पिष्टजन्य द्रव्य असते. जंतूंना तेही चालते.

या सगळ्यावर निसर्गाने एक पहारेकरी नेमला आहे, तो म्हणजे लाळ. ती आम्ल मारते आणि हरवलेले क्षार दाताला थोडेथोडे परत देते. पण तिला अर्धा-पाऊण तास तरी उसंत लागते. दर पाच मिनिटांनी एक घोट घेणाऱ्याच्या तोंडात ही उसंत येणार कधी? त्यातून व्यायामात घाम गेलेला, श्वास तोंडाने चाललेला, तोंडाला कोरड पडलेली. पहारेकरी रजेवर असतानाच चोरांना दार उघडे! आणि दंतवल्क हे नखासारखे किंवा हाडासारखे नाही. एकदा झिजले ते पुन्हा उगवत नाही.

हे सारे हौशी मुलांचेच होते असेही नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या दंतचिकित्सालयात आलेल्या सुमारे तीनशे खेळाडूंची पाहणी झाली. त्यांतील ५५ टक्के खेळाडूंचे दात किडलेले होते आणि ४५ टक्क्यांच्या दातांची झीज झालेली होती. जगातली सर्वांत कसलेली शरीरे, आणि तोंडात ही अवस्था!

म्हणून डबेच खिडकीबाहेर फेका, असे मी म्हणणार नाही. दूध फाडल्यावर उरते त्या निवळीतले प्रथिन म्हणजेच हल्लीचे व्हे. ज्या पाण्यात आमच्या आया कणीक मळत, तेच वाळून आता हजारो रुपयांना येते, एवढाच काय तो फरक. प्रथिन दाताचे वैरी नाही. वैरी आहे तो सोबतचा आंबटगोडपणा, आणि त्याहून मोठा वैरी म्हणजे घोट घोट पिणे. कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल बदामाची थंडाई पीत असे, तीतही साखर असेच. पण तो तांब्या तोंडाला लावी आणि रिकामा करूनच खाली ठेवी. पोट किती खाल्ले ते मोजते. दात किती वेळा खाल्ले ते मोजतात.

आणि आपण वडीलधाऱ्यांनीही फार दात काढू नयेत. पोट उतरावे म्हणून सकाळी लिंबू-मधाचे पाणी चहासारखे चवीचवीने पिणारे किंवा सफरचंदाच्या शिरक्याचा ‘काढा’ घेणारे आपल्यातच आहेत. लिंबाच्या रसाचा पीएच अडीचच्याही आत असतो. लिंबू भारतीय म्हणून दात त्याला सवलत देत नाहीत.

उपाय अगदी बिनखर्चाचे आहेत. व्यायाम चालू असताना साधे पाणी प्यावे. तासाभराच्या व्यायामाला त्याहून जास्त काही बहुधा लागत नाही. भुकटी घ्यायचीच तर एका बैठकीत संपवावी, जेवणाबरोबर घेतली तर उत्तम. वर चूळ भरावी. लगेच ब्रश मात्र हाती धरू नये. आम्लाने मऊ झालेले दंतवल्क घासले तर अधिकच झिजते, तासभर थांबावे. पेस्ट फ्लुओराइडची असावी. आणि दंतवैद्याला आपल्या डब्यांची यादी न लाजता सांगावी.

पुतण्याचे खड्डे आता भरले आहेत. कडा काही परत आल्या नाहीत. त्याने मधला डबा बंद केला असून जिमला जाताना तो पाण्याची बाटली नेतो. वहिनींचा चॉकलेटवरचा राग मात्र कायम आहे.

दिवाळीत कडबोळी, चकल्या, अनरसे आपापल्या डब्यांतून बाहेर येतील. हे डबे चांगले, कारण त्यांतला ऐवज चावल्याखेरीज आत जात नाही आणि चावताना लाळ सुटते. मात्र फराळ ताटात घेऊन एका बैठकीत खावा. येता-जाता डब्यात हात घालण्याचा जो आपला वार्षिक कुळाचार आहे, तो यंदा दातांसाठी थोडा आवरावा. आपणां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो, आणि चकली मोडताना आवाज चकलीचाच येवो!